प्रार्थनेचे उत्तर येईपर्यंत विश्वास कसा जपावा

एकच मागणे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे देवापुढे ठेवत राहावे आणि काहीच हलू नये, हा अनुभव नसलेले ख्रिस्ती घर शोधून सापडणार नाही. कुठे मुलीच्या लग्नाचे जुळत नाही, कुठे लग्नाला दहा वर्षे होऊनही पाळणा हललेला नाही, कुठे नवऱ्याची दारू सुटत नाही, कुठे आईच्या कॅन्सरचा रिपोर्ट दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट येतो. रविवारी मंडळीत मात्र कोणी विचारपूस केली की ‘प्रभूच्या कृपेने सगळे चांगले आहे’ हे उत्तर तोंडून आपसूक निघते. वाट पाहण्याच्या काळात विश्वासाला शंकेपासून धोका असतो, असे सहसा मानले जाते. मला त्याहून मोठा धोका या आपसूक निघणाऱ्या उत्तरात दिसतो. शंका देवाला बोलून दाखवता येते, आणि पवित्र शास्त्रात ती अनेकांनी बोलून दाखवली आहे; पण देवासमोरही जो ‘सगळे चांगले आहे’ असेच म्हणू लागतो, त्याची प्रार्थना हळूहळू औपचारिक होते, मग तुटक होते आणि पुढे बंद पडते, आणि ती नेमकी कधी बंद पडली हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. या लेखात जे सुचवले आहे ते देवाशी खरे बोलणे चालू राहावे यासाठी आहे. क्रम शक्यतो पाळावा, कारण पहिली दोन कामे केल्याशिवाय पुढची नीट जमत नाहीत.

आधी मागणे कागदावर उतरवावे

एक साधी वही घ्यावी आणि आपण देवाकडे नेमके काय मागत आहोत ते तारीख घालून एका वाक्यात लिहावे. ‘प्रभू, आमच्या घरावर कृपा कर’ हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते इतके मोघम आहे की त्याचे उत्तर आले किंवा नाही हे कधीच कळणार नाही. यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तिमय मोठमोठ्याने दयेची याचना करत होता, तो आंधळा आहे हे समोर दिसत होते, तरीही प्रभूने त्याला ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ असे विचारले (मार्क 10:51) आणि त्याच्याकडून नेमके उत्तर घेतले. आपले मागणे एका वाक्यात बसत नसेल तर बहुधा त्यात दोन-तीन मागणी एकमेकांत गुंतलेली असतात. ‘मुलाला नोकरी लागावी’ या मागण्याच्या पोटात ‘नातेवाइकांसमोर आमची मान खाली जाऊ नये’ हे दुसरे मागणे दडलेले असू शकते. ते दुसरे मागणे लाज वाटण्याजोगे आहे असे समजू नये, मात्र ते वेगळ्या ओळीवर लिहावे.

त्याच पानावर आणखी एक प्रश्न लिहून त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे: याबाबत देवाने मला काय वचन दिले आहे, आणि मी स्वतःच काय गृहीत धरले आहे? या ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते. यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातील 11 वे वचन, ज्यात देव आपल्या लोकांविषयीचे आपले संकल्प हिताचे असल्याचे सांगतो, आपल्याकडे फ्रेम करून भिंतीवर लावले जाते, वाढदिवसाच्या कार्डावर छापले जाते आणि रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. त्याच्या अगदी आधीचे 10 वे वचन कोणी फ्रेम करत नाही, कारण त्यात बाबेलात 70 वर्षे भरल्यानंतर देव आपल्या लोकांना परत आणील असे म्हटले आहे. यिर्मयाचा हा अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे, आणि ते ज्यांना लिहिले त्यांच्यातील बहुसंख्य प्रौढ माणसे यरुशलेम पुन्हा पाहण्याआधीच मरणार होती. याच्याच आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो आणि सगळे दोन वर्षांच्या आत पूर्ववत होईल असे मंदिरात लोकांसमोर जाहीर करतो. लोकांना कोणाचा संदेश आवडला असेल हे सांगायला नको, पण खरा ठरला तो यिर्मयाचा.

यावरून एक व्यावहारिक नियम घ्यावा. ‘तीन महिन्यांत तुझे काम होईल, प्रभूने मला दाखवले आहे’ असे कोणी सांगितले तर ते वहीत तारखेसह नोंदवावे, पण त्यावर आपला विश्वास टांगू नये. ती मुदत टळली तर खोटी ठरली ती त्या माणसाची भविष्यवाणी. देवाने ती मुदत दिलीच नव्हती, त्यामुळे ती मोडल्याचा आरोप त्याच्यावर येत नाही.

देवाजवळ तक्रार करायला शिकावे

हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ते सर्वांत कमी शिकवले जाते. स्तुती कशी करावी, उपकारस्मरण कसे करावे, पापांगीकार कसा करावा हे लहानपणापासून शब्बाथशाळेत शिकवले जाते. विलाप कसा करावा हे मात्र कोणी शिकवत नाही, जरी स्तोत्रसंहितेच्या 150 स्तोत्रांपैकी मोठा वाटा विलापाचा आहे. देवाला ‘तू ऐकत का नाहीस?’ असे विचारणे म्हणजे अविश्वास, असा समज घट्ट बसलेला आहे. तो शास्त्राला धरून नाही. ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू सतत सावरून धरणारे तीन मित्र आहेत आणि देवाशी अक्षरशः वाद घालणारा ईयोब आहे, आणि शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत (ईयोब 42:7). ज्याने तक्रार केली तो देवाला तोंड करून बोलत होता. मित्र देवाविषयी बोलत होते, देवाशी एक शब्दही बोलले नव्हते.

सुरुवात 13 व्या स्तोत्रापासून करावी. ते फक्त सहा वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, तू मला कोठवर विसरणार, आपले मुख माझ्यापासून कोठवर लपवणार, मी कोठवर मनात चिंता वागवावी, माझा शत्रू माझ्यावर कोठवर वरचढ राहणार? पुढच्या दोन वचनांत नेमके मागणे आहे, आणि अखेरच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर आपली भिस्त असल्याचे सांगतो. स्तोत्राच्या शेवटी परिस्थिती बदलल्याचा कोणताही उल्लेख नाही. हीच घडण वापरून आपले स्वतःचे स्तोत्र लिहावे. देवाला नावाने हाक मारावी, जे घडत आहे आणि घडत नाही ते आडपडदा न ठेवता सांगावे, काय हवे ते मागावे, आणि मग आज ज्या एका गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवता येतो तेवढीच सांगून थांबावे. बेकार मुलाची आई कदाचित असे लिहील: ‘प्रभू येशू, तीन वर्षे झाली. तो रात्री दोनपर्यंत जागा असतो आणि मी त्याच्या दाराबाहेर उभी राहून परत फिरते. तू आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचे ऐकलेस आणि मला त्याचा राग येतो. या महिन्यात त्याला निदान एका मुलाखतीचे बोलावणे येऊ दे. तू नाईन येथील विधवेला पाहून कळवळला होतास, एवढे मला ठाऊक आहे. आमेन.’ या प्रार्थनेत शेजाऱ्याविषयीचा मत्सर आहे, पण तो देवापुढे मांडलेला आहे. तो लपवून केलेल्या गोड प्रार्थनेपेक्षा मला ही प्रार्थना अधिक विश्वासाची वाटते.

शेवटचे वाक्य कधी कधी लिहिताच येणार नाही, आणि तसे झाले तर ते बळजबरीने लिहू नये. स्तोत्रसंहितेतही 88 वे स्तोत्र आहे, जे अंधाराच्या उल्लेखावर संपते आणि ज्यात आशेचे वळण येतच नाही. तरीही त्याच्या पहिल्याच वचनात देवाला ‘माझ्या उद्धारका’ अशा अर्थाची हाक आहे. ते स्तोत्र शास्त्रात राहू दिले गेले आहे, ही गोष्ट ज्यांची प्रार्थना सध्या तेवढ्यापुरतीच उरली आहे त्यांनी ध्यानात घ्यावी.

येथे दोन मर्यादा पाळाव्यात. एक म्हणजे विलापाला दिवसातील ठरलेली वेळ द्यावी, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दिवसभर मनात तेच घोळवत राहणे याला विलाप म्हणत नाहीत, ती चिंता आहे, आणि तिचे तोंड देवाकडे नसून स्वतःकडेच असते. दुसरी मर्यादा अशी की हा विलाप पाहणाऱ्या माणसांच्या मताची पर्वा करू नये. शिलोच्या मंदिरात मूल नसलेली हन्ना आपल्या जिवाची तळमळ ओतत होती, तिचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता, तेव्हा खुद्द एली याजकाला ती दारू प्यालेली आहे असे वाटले (1 शमुवेल 1:13). अनुभवी पाळकालाही समोरच्याचे दुःख ओळखता येत नाही असे घडते. हन्नाने ते मनाला लावून घेतले नाही. तिने आपली बाजू नम्रपणे सांगितली, त्याचा आशीर्वाद घेतला, तेथून जाऊन जेवली आणि तिचा चेहरा पुढे म्लान राहिला नाही. मूल अजून पोटात नव्हते, पण बोलून मोकळे झाल्यावर तिला जेवण गेले.

शब्द आटतात तेव्हा

दीर्घ प्रतीक्षेत असा काळ येतो की स्वतःच्या शब्दांत काहीच मागवत नाही. उत्स्फूर्त प्रार्थना हीच खरी प्रार्थना असे मानणाऱ्या मंडळ्यांमधील लोकांची या टप्प्यावर फार ओढाताण होते. अशा वेळी तयार शब्दांचा आधार निःसंकोच घ्यावा. प्रभूने स्वतः क्रूसावर प्राण जात असताना 22 व्या स्तोत्राच्या पहिल्या वचनाने आरोळी मारली, नवे शब्द शोधले नाहीत. सकाळी एक आणि रात्री एक असे स्तोत्र मोठ्याने वाचले तर 75 दिवसांत सर्व स्तोत्रे एकदा वाचून होतात. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक घरात असेल तर त्यातील एखादे गीत न गाता नुसते वाचावे. कॅथलिक घरांत जपमाळ किंवा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची ठरावीक प्रार्थना, हेच काम करते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनासाठी जी रांग लागते तीतील कित्येकांजवळ त्या दिवशी स्वतःचे शब्द नसतात. तेवढेही जमत नसेल तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना दिवसातून एकदा म्हणावी आणि बाकी रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे आत्म्याच्या उच्चारता न येणाऱ्या कण्हण्यावर सोडून द्यावे.

हातपाय हलवत राहावे

औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे शिकवणारे लोक आजही गावोगावी भेटतात, आणि त्यांच्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या किंवा फिटचे औषध बंद करून बसलेली माणसेही भेटतात. त्यांना हिज्कीया राजाची गोष्ट दाखवावी. तो मरणास टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, आणि तुझे आयुष्य 15 वर्षांनी वाढवतो असे स्पष्ट वचन देवाने यशया संदेष्ट्याकरवी त्याला दिले. ते वचन मिळाल्यानंतर त्याच यशयाने अंजिरांची पोटीस गळवावर बांधायला सांगितली (2 राजे 20:1-7). वचन आणि पोटीस एकाच संदेष्ट्याच्या हातून आले. महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनचा इतिहासही हेच सांगतो: डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि प्रार्थनेवर जीव टाकणाऱ्या माणसांनीच तेथे शस्त्रक्रियेची टेबले मांडली. म्हणून वहीत प्रत्येक मागण्यासमोर ‘माझ्याकडून काय चालू आहे’ असा रकाना ठेवावा. नोकरीसाठी प्रार्थना असेल तर अर्ज किती केले, आजारासाठी असेल तर पुढची तपासणी कधी आहे, जमिनीच्या दाव्यासाठी असेल तर वकिलाला शेवटचे कधी भेटलो, हे त्यात यावे.

यिर्मयाच्या त्याच पत्रात बंदिवानांना घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. ज्या गोष्टीची वाट पाहत आहोत ती मिळेपर्यंत बाकीचे आयुष्य थांबवून ठेवू नये, असा त्याचा सरळ अर्थ आहे. लग्न होईपर्यंत स्वतःचे घर घ्यायचे नाही, मूल होईपर्यंत कोठे प्रवासाला जायचे नाही, नवरा सुधारेपर्यंत शिवणाचा क्लास लावायचा नाही, असे स्वतःवर घातलेले बंध ओळखावेत आणि त्यातला निदान एक या महिन्यात सोडावा.

हातपाय हलवणे आणि देवाच्या पुढे धावणे यांत फरक आहे आणि तो दर वेळी सहज कळत नाही. अब्राहामाला वचन मिळून तो निघाला तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या काळात, तो 86 वर्षांचा असताना, पत्नी सारे हिच्या सल्ल्याने तिची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला. त्या काळच्या रीतीत ते बेकायदा नव्हते, तरी त्याची किंमत हागार आणि तिच्या मुलाला रानात भटकून द्यावी लागली. यावरून एक कसोटी घेता येते: मी जो उपाय करायला निघालो आहे त्याचा भार माझ्यापेक्षा दुबळ्या कोणावर तरी पडणार आहे का? पडणार असेल तर तो उपाय नव्हे, ती आडवाट आहे. मुलाचे व्यसन सुटावे म्हणून त्याचे लग्न लावून देणे हे याचे आपल्याकडील नित्याचे उदाहरण. त्यात हागार होते ती सून.

आपले मागणे दुसऱ्या माणसाच्या मनाशी संबंधित असेल, म्हणजे पतीने, पत्नीने किंवा मुलाने प्रभूकडे वळावे असे असेल, तर येथे विशेष संयम लागतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला येऊन राहिल्या तरी आपले सोवळे-ओवळे त्यांनी लगेच सोडले नाही, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून. टिळकांनी घाई केली असती तर कदाचित एक नाव मंडळीच्या वहीत चढले असते, पण पुढे ज्या लक्ष्मीबाई मराठीला लाभल्या त्या लाभल्या असत्या की नाही, कोण जाणे.

नवस, देणगी आणि सौदा

हन्नाने नवस केला होता, त्यामुळे नवस हा शब्द शास्त्राला परका नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे बाळ, घर किंवा पाय वाहणाऱ्याच्या मनात निव्वळ कृतज्ञता असू शकते. प्रश्न मनातल्या हिशोबाचा आहे. ‘मी चाळीस दिवस उपास केला, आता तुझी पाळी’ असा भाव मनात आला की प्रार्थनेचे देणे-घेणे होते, आणि उत्तर न आल्यास फसवणूक झाल्यासारखे वाटते. उपास जरूर करावा, पण त्याची मुदत आधी ठरवावी, मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारावे, आणि उपासाच्या शेवटी उत्तर आलेच पाहिजे अशी अट घालू नये. कोणी प्रार्थना करण्यासाठी ठरावीक रक्कम मागत असेल, किंवा ‘एवढे पेरा म्हणजे तेवढे मिळेल’ असा आकडा सांगत असेल, तर तेथून सरळ उठून यावे. त्यावर अधिक विचार करण्याची गरज नाही.

कोणाला आणि किती सांगावे

एकट्याने वाट पाहणे फार काळ जमत नाही. मार्क 2 मध्ये पक्षाघाती माणसाला चार जणांनी उचलून आणले आणि प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाची चौकशी त्याने केली नाही. तेव्हा आपल्या खाटेचे कोपरे धरतील अशी दोन-चार माणसे निवडावीत. ती तोंडाला कुलूप लावू शकणारी असावीत, हा पहिला निकष. प्रार्थना किती मोठ्याने करतात याला महत्त्व नाही. संपूर्ण तपशील त्यांनाच सांगावा. मंडळीच्या प्रार्थनासभेत मात्र ‘एका कौटुंबिक गोष्टीसाठी प्रार्थना हवी आहे’ एवढे पुरते, विशेषतः ती गोष्ट मुलीची, सुनेची किंवा नवऱ्याची असेल तर, कारण आपल्याकडे प्रार्थनेचा विषय फराळाच्या वेळेपर्यंत चर्चेचा विषय होतो. त्या दोन-चार जणांना महिन्यातून एकदा स्वतःहून कळवावे की अजून काही झालेले नाही. हे कळवायला संकोच वाटतो, आणि तो वाटू लागला की माणूस सभेला येणेच टाळतो.

जे सोबत करतात त्यांनीही काही वाक्ये टाळावीत. ‘तुमच्या विश्वासात कुठे तरी कमी असेल’, ‘घरात काही लपलेले पाप आहे का ते पाहा’, ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो’ ही ती वाक्ये. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. डबा घेऊन जावा, मुलांना शाळेतून आणावे, दवाखान्यात रात्रपाळीला बसावे, आणि विचारायचेच असेल तर ‘आज तुमच्यासाठी काय मागू?’ असे विचारावे.

मन आजारी पडले तर

कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर थोड्याच काळात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला बोध केला नाही. दूताने त्याला दोनदा भाकर आणि पाणी दिले, मधे झोपू दिले, आणि पुढची वाट तुला झेपणार नाही हे मान्य केले (1 राजे 19:4-8). झोप सलग उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नसून प्रकृतीचा आहे असे धरून डॉक्टरांकडे जावे. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगावे. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

‘नाही’ हे उत्तर आले तर

पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीन वेळा विनवणी केली, त्याला माझी कृपा तुला पुरेशी आहे असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर तो काटा काढण्याविषयी मागत राहिला असे दिसत नाही (2 करिंथ 12:8-9). गेथशेमानेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली. त्यामुळे चिकाटीने मागत राहण्याचा विधवेचा दाखला (लूक 18) जितका खरा, तितकेच मागणे थांबवण्याची वेळ येते हेही खरे. ही वेळ ओळखण्याची एक रीत म्हणजे वर्षातून दोनदा, उदाहरणार्थ उपवासकाळाच्या आरंभी आणि आगमनकाळात, वही उघडून प्रत्येक मागण्याबाबत विचारावे: दार अजून उघडे आहे का, की जे मागत होतो ते आता घडणे शक्यच उरलेले नाही? दार उघडे असेल तोवर मागणे अवश्य चालू ठेवावे, मग कितीही वर्षे जावोत.

एखादे लहान मागणे नाकारले जाते आणि त्यातून मोठे मागणे पुरे होते, असेही घडते. मोनिका आपल्या मुलाने, ऑगस्टीनने, कार्थेज सोडून रोमला जाऊ नये म्हणून रडून प्रार्थना करत होती. तो तिला फसवून रात्रीच जहाजात बसून निघून गेला. तो रोमहून मिलानला गेला, तेथे त्याला बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकायला मिळाली, आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला, ज्यासाठी ती अनेक वर्षे अश्रू ढाळत होती. हे ऑगस्टीनने मागे वळून पाहताना स्वतः लिहिले आहे. पण हे उदाहरण दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवायला वापरू नये, कारण प्रत्येक नकारामागे असा उलगडा सापडतोच असे नाही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली; केडगावच्या मुक्ती मिशनचे काम जिच्याकडे सोपवायचे ती अशी आधी गेली. रमाबाईंनी शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले आणि एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. ते दुःख त्यांना का सोसावे लागले याचे स्पष्टीकरण मला देता येत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून मी थोडा दूरच राहीन.

नकार स्पष्ट झाला की काय करावे, याचा नमुना दावीदापाशी मिळतो. मूल आजारी होते तोवर त्याने सात दिवस जमिनीवर पडून उपास केला. ते गेल्याचे कळल्यावर तो उठला, त्याने स्नान केले, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन दंडवत घातले आणि मग जेवला (2 शमुवेल 12). हा क्रम तसाच उचलावा, मात्र त्याला दावीदाइतकी घाई नको. उपासनेला जावे, मागच्या बाकावर बसावे, गीत म्हणवत नसेल तर म्हणू नये, प्रभुभोजन घ्यावे. वहीतले ते पान फाडू नये. त्याखाली तारीख घालून ‘नाही’ असे लिहावे, आणि वाटल्यास 13 व्या स्तोत्राच्या रीतीने पुन्हा विलाप करावा.

उत्तर आल्यावर

बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, त्यामुळे उपकारस्मरणाला उशीर करू नये. ज्या दोन-चार जणांनी खाट धरली त्यांना सर्वांत आधी कळवावे. मंडळीत साक्ष देताना मात्र थोडी काळजी घ्यावी. वर्षे किती गेली, मधे काय काय वाटले, कधी प्रार्थना बंद पडली होती, हेही सांगावे. केवळ शेवट सांगितलेली साक्ष ऐकणाऱ्याला आपलीच प्रतीक्षा लांबलेली वाटते. ‘माझा विश्वास होता म्हणून देवाने ऐकले’ असे म्हणू नये, कारण इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायात विश्वासाबद्दल ज्यांची नावे घेतली आहेत त्यांना वचनाप्रमाणे फलप्राप्ती झाली नाही असे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. आणि आपण जे मागत होतो तेच मागणारी दुसरी कोणी मंडळीत असेल, आपल्याला दिवस गेले आहेत आणि ती अजून वाट पाहत आहे, तर ही बातमी तिला भर उपासनेत प्रथम कळू देऊ नये. आदल्या दिवशी तिला एकटीला फोन करून सांगावे, आणि त्या रविवारी ती आली नाही तर तिच्या विश्वासाविषयी कोणतेही अनुमान काढू नये.